लोहाराच्या पावाची गोष्ट

कुएंका शहरात नदीच्या दोन्ही काठांवर बाल्बिना किश्पीला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. बुटकी, गोल चेहऱ्याची, पाठीवर दोन वेण्या, डोक्यावर गवताच्या काडीची पांढरी टोपी. चाल अशी की मागून येणाऱ्या पाहुण्यांना धाप लागावी. पाहुणे म्हणजे राजधानी कीतोहून, बंदरावरच्या ग्वायाकीलहून आलेली मंडळी, कधीमधी परदेशातलीही. त्यांना जुन्या गल्ल्यांतून हिंडवायचं, इथं काही खायला घालायचं, तिथं एखाद्या कारागिराच्या दारात उभं करायचं आणि सगळा वेळ बोलत राहायचं, हे तिचं काम. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ती जन्मली लोहारआळीत. बाप एर्मेल मेस्त्री घराच्या कौलारावर लावायचे लोखंडी क्रूस घडवायचा. त्यावर सूर्य, चंद्र, कोंबडा, शिडी असं सगळं असायचं. गावातल्या निम्म्या छपरांवर त्याच्या हातचा क्रूस होता. पुढं लोक सिमेंटची घरं बांधायला लागले, क्रूस मागणारे कमी झाले, मेस्त्रीही म्हातारा होऊन गेला आणि भाता कायमचा निजला. बाल्बिनाचा नवरा उत्तरेला कमवायला गेला तो तिकडचाच झाला. मग बापाच्या बंद भट्टीपुढं मोदकपात्राएवढं भांडं मांडून ती उमिता विकायला बसली. ओला मका वाटायचा, चीज घालायचं, मक्याच्याच पानात बांधून वाफवायचं. उमिता चांगल्या असायच्याच, पण गिऱ्हाईक थांबायचं ते तिच्या तोंडाकडं बघत. "अहो, ही उमिता खाल्ली की सासू गोड बोलायला लागते. दोन खाल्ल्या तर बोलायचीच थांबते!" असं काहीतरी चाललेलं असायचं. एका सहलवाल्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही उमिता कसल्या विकताय? तुम्ही आळी विका."

तसं तिनं आळी विकायला घेतली.

पहिल्या दिवशी मात्र घडी काही बसेना. तोदोस सांतोसच्या देवळामागं जुन्या पावभट्ट्या आहेत. तिथून सुरुवात करून पूल ओलांडून लोहारआळीपर्यंत यायचं ठरलं होतं. सकाळपासून भुरभुर चालू होती. पाहुणे ओल्या कोंबड्यांसारखे अंग चोरून उभे. बाल्बिनानं मातीच्या भट्टीबद्दल सांगितलं, नीलगिरीच्या लाकडाबद्दल सांगितलं. एकानं जांभई दिली. आत म्हातारी पाववाली ओब्दुलिया सिंची, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, लांब दांड्याच्या फळीनं भट्टीतून पाव काढत होती, मधोमध लाल चीज असलेले, ज्यांना सगळे 'ख्रिस्ताचे गुडघे' म्हणतात ते. तिच्याकडं बघता बघता बाल्बिनाला लहानपणी नदीवरच्या धुणेवाल्यांच्या तोंडी ऐकलेलं एक वाक्य आठवलं. ती पटकन म्हणाली,

"आणि हो, माझ्या बापाची गोष्ट ऐका. लोहारआळीत पावाची दोन दुकानं. पण एर्मेल मेस्त्रीला दाराशेजारचा पाव गोड लागायचाच नाही! रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, केस चापून, पूल ओलांडून इथं, याच भट्टीवर. तास तास बसायचा. अहो, जो माणूस दिवसभर स्वतःच्या भट्टीपुढं भाजून निघतो, तो संध्याकाळी दुसऱ्याच्या भट्टीपुढं कशाला बसेल? विधवा बाईची भट्टी होती ती, एवढंच सांगते!"

पाहुणे हसले. जांभई देणारा सगळ्यांत मोठ्यानं. बाल्बिनाला जोर आला.

"आणि माझी आई? ती जन्मात तो पूल ओलांडायची नाही. सवतीचं तोंड नको बघायला!"

त्या दिवशी लोकांनी पिशव्या भरभरून पाव घेतले.

मग ती गोष्ट रोजचीच झाली. बाल्बिना तिला मीठमसाला लावत गेली. कधी बाप टोपीला फूल खोचायचा, कधी ओब्दुलिया त्याच्यासाठी मोठ्यातला मोठा पाव राखून ठेवायची. मनाला कधी टोचलंच तर ती स्वतःशी म्हणायची, म्हातारीला ऐकू कमी येतं, आणि आलं तरी काय, पाव तर तिचाच खपतोय. बाप गेलेला, आई गेलेली, मग कुणाचं काय बिघडतंय? आत ओब्दुलिया पाठ करून कणीक मळत असायची. पैसे घ्यायची, सुटे द्यायची, "देव भलं करो" म्हणायची. बाल्बिनाला ती कधी एका शब्दानं बोलली नाही.

असं दिवसांमागून दिवस गेले. दुसरे वाटाडेही ती गोष्ट सांगू लागले. गल्लीतली पोरं ओब्दुलिया देवळात निघाली की लोखंडावर घण मारल्यासारखा 'ठण् ठण्' आवाज काढायची. म्हातारीनं रविवारची मोठी प्रार्थना सोडली आणि पहाटेच्या, रिकाम्या देवळातल्या प्रार्थनेला जाऊ लागली. हे बाल्बिनाला ठाऊक होतं. पहाटे भट्टी पेटवायची असते, म्हणून जात असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मृतांचा सण तोंडावर आला होता. भट्ट्यांपुढं पीठ-साखरेच्या बाहुल्या विकायला आल्या होत्या आणि सगळीकडं जांभळ्या खिरीचा वास सुटला होता. दारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बाल्बिनाच्या घोळक्यात आणखी काही माणसं मिसळली. त्यातली एक विशीतली पोरगी, अंगात परदेशी जाड कोट, स्पॅनिश थोडी अडखळत बोलणारी, अगदी पुढं येऊन ऐकत होती. विधवेच्या भट्टीचं वाक्य आलं आणि ती खळखळून हसली. एवढी हसली की डोळे पुसायला लागली.

"मग ती होती तरी कोण?" तिनं विचारलं. "ती बाई?"

असा प्रश्न आला की गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगात वारं शिरतं. बाल्बिनानं नाटकातल्यासारखा हात लांबवला आणि आत भट्टीकडं दाखवलं.

"ती बघा! अजून आहे. अजून पाव भाजतेय!"

पोरीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिच्यामागं एक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. तो पुढं आला.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "ती माझी आई आहे. आणि ही माझी पोरगी, तिची नात. आज पहिल्यांदा आजीला भेटायला आलीये."

आतून ओब्दुलियाचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

"रोमुलो, तिथं काय उभा राहिलास? पत्रा धर. पाव करपतायत."

त्या दिवशी बाल्बिनानं पाहुण्यांना पुलापर्यंत कसं नेलं, हॅटवाल्या सेगुंदोकाकाच्या दुकानात काय सांगितलं, तिचं तिलाच आठवेना. सेगुंदोकाका वाफेवर टोपी धरून म्हणाले, "काय गं, आज गप्प? जीभ भट्टीत विसरलीस की काय?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच भट्टीवर गेली. रोमुलो दारातच होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, थुंकल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. आत ओब्दुलिया पिठाच्या पोत्यावर बसली होती. शेजारी ती नात, जेनिफर, आजीचा हात हातात घेऊन.

"दोन्या ओब्दुलिया," बाल्बिना उभ्याउभ्याच म्हणाली, "माझं चुकलं. मला वाटलं होतं, तुम्हाला ऐकू येत नाही."

"भट्टीजवळ आयुष्य काढलंय पोरी. पाव फुगल्याचा आवाज येतो मला. तुझा नाही येणार?"

"मग मला कधी अडवलं का नाहीत? एक थोबाडीत द्यायची होती."

ओब्दुलियानं हातावरचं पीठ झटकलं. "तुला अडवायचं, तर खरं सांगावं लागलं असतं. आणि तुझ्या बापाला मी शब्द दिला होता. काल या पोरीनं विचारलं, 'आजी, खरं काय होतं?' रक्ताचं माणूस विचारतंय. तिला सांगितलं. मग तुलाच का नको? बस."

बाल्बिना बसली.

"तुझा भाऊ, मोइसेस. तू अंगावर पीत होतीस तेव्हा."

"नदीत गेला तो. ठाऊक आहे मला."

"कसा गेला ते ठाऊक आहे?"

बाल्बिनाला ठाऊक नव्हतं. घरात त्याचं नाव निघायचं नाही.

"तुझी आई पुलाखाली धुणं धूत होती. तुला पाठीशी बांधलेलं, पोरगा शेजारी खेळत होता. तिनं चादर पिळायला मान वळवली. परत बघते तर पोरगा नाही. एवढंच. एका चादरीएवढा वेळ. तुझ्या बापाला घरी रडता यायचं नाही गं. तो रडला की तुझी आई, लास्तेनिया, म्हणायची, 'तू मलाच दोष देतोयस.' एकदा तर नदीकडं पळत सुटली, लोकांनी धरून आणली. स्वतःच्या भट्टीवर रडावं तर कामाला माणसं. मग तो इथं यायचा. तिथं, त्या कोपऱ्यात बसायचा. माझा नवरा नुकताच गेलेला, मला सांगायला लागलं नाही. मी माझं काम करायची, तो त्याचं रडून घ्यायचा. मग तोंड धुवायचा, केस नीट करायचा, पाव घ्यायचा आणि जायचा. म्हणाला होता, 'दोन्या, कुणाला कळू देऊ नका. लास्तेनियाच्या कानावर गेलं तर ती जगायची नाही.' लोक काय म्हणतात ते मला कळत होतं. म्हटलं, म्हणू देत. हे म्हटलेलं बरं, ते कळण्यापेक्षा."

"आणि आई पूल ओलांडायची नाही..." बाल्बिनाच्या तोंडून निघालं.

"कशी ओलांडेल?" ओब्दुलिया म्हणाली. "खाली पाणी दिसतं ना."

बाल्बिनानं पदरासारखी शाल तोंडावर ओढून घेतली. त्या पुलावर उभं राहून, खालचं पाणी दाखवून, किती लोकांना तिनं आईवर हसवलं होतं त्याला गणती नव्हती.

रोमुलोनं सण उरकला आणि आईला पाउते गावी, परदेशच्या कमाईवर बांधलेल्या आपल्या नव्या घरी घेऊन गेला. म्हातारी नको म्हणत होती. तो म्हणाला, "या दारात पुन्हा कुणी तुझ्याकडं बोट दाखवलं तर माझ्या हातून काहीतरी होईल." भट्टीला कुलूप लागलं. मातीची भट्टी रोज पेटली तरच धड राहते. ओल धरून ती लवकरच भेगाळली.

बाल्बिनानं काम सोडलं नाही, सोडून खाणार काय? पण त्या बंद दाराशी थांबून ती आता खरी गोष्ट सांगू लागली. एखादी बाई डोळे टिपायची. बाकीचे पाय बदलत उभे राहायचे आणि पुढं काय खायला मिळणार, ते विचारायचे. सहलवाला म्हणाला, "बाई, लोक सुट्टीत येतात हो. ती जुनी मजेची गोष्टच बरी होती."

एक दिवस ती पुलावर आली तर समोरून फाब्रिसियोचा घोळका येत होता. फाब्रिसियो नवा वाटाडा, गोड गळ्याचा, तिनंच तयार केलेला. तो सांगत होता, "...आणि लोहारानं त्या पाववालीच्या छपरासाठी क्रूस घडवला, त्यावर दोन कबुतरं!" लोक हसत होते.

"असं नव्हतं ते!" बाल्बिना मध्येच ओरडली. "खोटं आहे ते सगळं!"

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. फाब्रिसियोनं तिला बाजूला घेतलं. "दोन्या बाल्बिना, रागावू नका. ही गोष्ट तुम्हीच तर शिकवलीत मला. कबुतरं तेवढी माझी."

ती पाउतेला गेली. ओब्दुलिया ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. हात स्वच्छ होते, नखांत पीठ नव्हतं. घरात गॅसची चकचकीत शेगडी होती. रोमुलो कामावर गेला होता.

"दिवसभर हाताला काही नसतं," ती म्हणाली. "म्हणून बोटं दुखतात."

बाल्बिना तिच्या पायांशी बसून शेंगा सोलू लागली. मग म्हणाली, "मला माफ करा."

"केलं गं. केव्हाच केलं. पण माफीनं भट्टी पेटत नाही, बाल्बिना."

ते शेवटचं बोलणं. देवळाच्या चाळीस दिवसांच्या उपासात ओब्दुलिया गेली. तिच्या इच्छेप्रमाणं तोदोस सांतोसच्या देवळात आणली. पाववाल्या सगळ्या आल्या होत्या. बाल्बिना मागच्या बाकावर बसली, कारण पुढं रोमुलो होता. तिच्यापुढच्या दोन अनोळखी बायका कुजबुजत होत्या.

"हीच ना ती? लोहाराची?"

"हो, हीच. पूल ओलांडून यायचा म्हणे तिच्याकडं."

बाल्बिना पुढं वाकली. "बाई," ती म्हणाली, "तसं काही नव्हतं. तो माझा बाप. पोरगा बुडाला होता त्याचा, तो इथं रडायला यायचा."

दोघींनी वळून पाहिलं. "हो का," एक म्हणाली. "अरेरे." मग दोघी पुढं तोंड करून बसल्या. प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळानं एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींचे खांदे हलले. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मागून बाल्बिनाला कळलं नाही.