दादाचे दात

राळेगावात माझं पेंटरचं दुकान होतं. पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, निवडणुकीत भिंती, पडेल ते काम मी करायचो. पण कापूस एकामागून एक साल दगा देत गेला त्या वर्षांत पाट्या कमी झाल्या आणि गेलेल्या माणसांचे फोटो यायला लागले. तेरवीला हार घालायला मोठा फोटो हवा, आणि घरात असायचा तो मतदान कार्डावरचा, नखाएवढा. त्यावरून मी चित्र काढून द्यायचो. बसलेले गाल भरायचे, मिशी नीट करायची, आणि सगळ्यांना एकच पांढरा सदरा घालायचा. जिवंतपणी नाही तर निदान भिंतीवर तरी माणूस बरा दिसावा, असं घरच्यांना वाटे. मलाही वाटे, आणि त्याला मी माया म्हणायचो.

मग माझाच मोठा भाऊ गेला. कापसाच्या पऱ्हाटीवर फवारणी करताना औषध अंगावर गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलेला दादा परत घरी आला तो चादरीत गुंडाळूनच. त्याचं मतदान कार्ड गळक्या पत्र्याखाली भिजून त्यावरचा चेहरा पुसला गेला होता. कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो सापडला, त्यात तो दुसऱ्याच्या फेट्याआड अर्धा झाकलेला. तेरवी तोंडावर आली होती. आम्ही दोघं भाऊ सारखेच दिसतो असं गाव म्हणायचं, म्हणून मी दुकानातला आरसा समोर ठेवला आणि दादाचं कपाळ, डोळे, हनुवटी सगळं माझ्यावरून काढलं.

दादाचे वरचे दात पुढे होते. ओठ त्यांच्यावर कधी पुरते मिटायचे नाहीत. चित्रात मी ते ओठ मिटवून टाकले. हात सवयीनं गेला असं म्हणता येईल, पण लहानपणी त्या दातांवरून त्याला चिडवणाऱ्या पोरांत मीही होतो, आणि आता आपण त्याच्यावर उपकार करतोय असंच मला वाटलं होतं.

काच बसवून देणाऱ्या चाचांनी चित्र हातात घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ये तो तू है रे," ते म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. वहिनींनी पदर तोंडाशी धरून चित्र पाहिलं आणि त्याला हार घातला. त्यांना काही विचारावं हे मला सुचलंही नाही.

पुतणी तेव्हा रांगत होती. भिंतीवरच्या त्या चित्राला घरात सगळे फोटोच म्हणायचे, त्याच्या पाया पडत ती मोठी झाली. दुधाचे दात पडून नवे आले ते पुढे आलेले, हुबेहूब दादाचे. ते दिसले की मी दुसरीकडे बघायचो. ओढणी तोंडावर धरून हसायची सवय तिला लागली, तीही मी पाहिली आणि गप्प बसलो.

बारावीत असताना एकदा ती दुकानात एसटीची वाट बघत बसली होती. वर्गातल्या पोरी काहीतरी बोलल्या होत्या. म्हणाली, "काका, मी आपल्या घरातली वाटतच नाई. बाबा किती साजरे होते. मी कोनावर गेली काय मालूम."

आई काय म्हणते, मी विचारलं.

"आई म्हनते, बाबाचे दात असेच होते. माह्या मनासाठी म्हनते ते. फोटोत दिसून नाई राह्यलं काय?"

म्हणजे वहिनी इतकी वर्षं खरं सांगत होत्या आणि माझं चित्र त्यांना खोटं पाडत होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. एसटी आली, ती गेली, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

तिला खरा बाप दाखवावा म्हणून नवीन चित्र काढायला बसलो तर दादा आठवेना. डोळे मिटले की भिंतीवरचाच यायचा. शेवटी दादाच्या घरी जाऊन वहिनींना समोर बसवलं. त्या सांगत गेल्या, मी पुसत गेलो. एक दात दुसऱ्यापेक्षा थोडा खाली होता, खालच्या ओठावर त्याची खूण पडलेली असायची. मी सख्खा भाऊ, मला हे माहीत नव्हतं. चित्र जमलं तेव्हा वहिनी उठून आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

मग पुतणीला बोलावलं. आरसा, मिटवलेले ओठ, सगळं सांगितलं आणि हात जोडून तिची माफी मागितली. ती नव्या चित्राकडे बघत राहिली. मग माझे जोडलेले हात तिनं हळूच खाली केले.

"काका, माह्यासाठी बाबाचं तोंड कायले बिघडवलं तुमी?"

एवढं म्हणून ती ओढणी तोंडावर धरून हसली, आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोचा कलंडलेला हार तिनं सरळ केला.