धवला आणि नऊ सेकंदांची क्लिप

ती घटना आठवली की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावरही माझं डोकं तापतं. खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून येणारा चोरटा माल पकडला. त्या सगळ्यांत गुन्हा करणाऱ्याला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असायचं. या प्रकरणात कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकजण शपथेवर सांगायला तयार होता.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीच्या दिवसांत आमच्या हद्दीत वाळूवर मोठा मंच उभारून गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. मुख्य गायिका आमच्याच हद्दीतल्या कोळीवाड्यातली, पन्नाशीच्या आसपासची बाई. मूळची ती धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात देवांना मांडवात बोलावण्याची जी गाणी असतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. आईकडून शिकलेली ही विद्या. पुढे आवाजाच्या जोरावर ती मंचावर कोळीगीतं म्हणू लागली आणि तिच्या चाहत्यांचे जथे गावोगाव फिरू लागले.

बंदोबस्ताचा नियम साधा आहे. पोलिसाने मंचाकडे पाठ करायची आणि गर्दीकडे तोंड. मी मंचापासून चार हातांवर उभा होतो, शेजारी माझा एक जुना हवालदार. समोर बघावं तर माणसांची तोंडं दिसेनात. जिकडे तिकडे वर केलेले हात आणि हातांत मोबाईल. बाई पोटतिडकीने गात होती आणि हजारभर माणसं आपापल्या बोटभर पडद्यावर ती नीट मावते की नाही ते बघत होती. मला तेव्हाच चीड आली होती. पण मोबाईल वर धरणं हा काही गुन्हा नाही. नऊच्या आत कार्यक्रम आटोपला, कुठे वादावादी नाही. ठाणे दैनंदिनीत ‘बंदोबस्त शांततेत पार पडला’ अशी नोंद करून मी घरी गेलो.

दहा-बारा दिवसांनी एक रिक्षावाला ठाण्यात आला. रेवदंडा ते अलिबाग अशी रिक्षा चालवणारा. त्याची तक्रार अशी, की कोळीवाड्याच्या नाक्यावर त्याला रिक्षा उभी करू देत नाहीत. तू काय केलंस, असं विचारल्यावर त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “बाईला बसवली साहेब. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाली होती. तिला बसवायची नाय असं गावकीनं सांगितलंय, मला म्हाईत नव्हतं.”

मी कान टवकारले. गोपनीय शाखेच्या अंमलदाराला साध्या कपड्यांत पाठवलं. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. बाईच्या घराला वाळीत टाकलं होतं. नवऱ्याची होडी धक्क्याला लागली की दोर झेलायला कुणी पुढे येत नव्हतं. त्याच्या टोपलीतल्या मासळीला कुणी हात लावत नव्हतं. पत्रिका द्यायला गेली तर उंबऱ्यावरून परत पाठवत होते. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. नवरा मुलगा आगरदांड्याकडचा, आणि त्याच्या घरून निरोप आला होता, की गाव सोबत नसेल तर आम्हीही वऱ्हाड आणणार नाही. ज्या बाईने पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोरीच्या मांडवात देव आणून बसवले, तिच्या पोरीच्या मांडवात माणूस फिरकणार नव्हता.

कारण काय, तर एक व्हिडिओ. त्या कार्यक्रमातला, नऊ सेकंदांचा. त्यात बाई हसत हसत म्हणते, “देवीला मी इथं बोलावनार नाय.” खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘देवीचा भर मंचावर अपमान’. किनाऱ्यावरच्या एकूण एक मोबाईलवर तो फिरून आला होता. खरं सांगायचं तर मी स्वतः तो पाहिला तेव्हा माझ्याही मनात आलं, की बाई जरा जास्तच बोलली. आणि मी तिथे चार हातांवर उभा होतो!

गावकीच्या अध्यक्षाला बोलावलं. माणूस मुरलेला. ‘आम्ही कुणाला काही सांगितलं नाही, लोकच आपणहून बोलत नाहीत,’ हे एकच पालुपद. अशी वाक्यं आधी बैठकीत पाठ करून येतात, हा माझा अनुभव. मी विचारलं, तुम्ही कार्यक्रमाला होतात? तर होते. पहिल्याच रांगेत. मग तुमच्या कानांनी काय ऐकलंत? यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढून तीच क्लिप मला दाखवली.

क्लिप पहिल्यांदा कुणी टाकली हे सायबर शाखेने दोन दिवसांत शोधून दिलं. मला वाटलं होतं, एखादा प्रतिस्पर्धी असेल, भावकीतलं वैर असेल. निघाला तिचा कट्टर चाहता. बायकोपोरं असलेला, कारखान्यात नोकरी करणारा इसम, समाजमाध्यमावर तिच्या नावाचं पान चालवायचा. चौकशीला फार वेळ लागला नाही, पाणी मागायच्या आधीच रडू लागला. त्याने मूळ रेकॉर्डिंगमधून ‘जरा चटपटीत’ तुकडा कापला होता आणि वर लिहिलं होतं, ‘ताई असं का बोलल्या?’ पुढे कुणी ते बदलून ‘अपमान’ असं लिहिलं, त्याच्याशी त्याचा संबंध नाही म्हणे. मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे? तर पुसलं. मोबाईल भरला होता.

“साहेब, मी तर त्यांचा सगळ्यात मोठा फॅन आहे,” तो हुंदके देत म्हणाला.

अशा चाहत्यापेक्षा उघड वैरी परवडला, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. बाई त्या वाक्याच्या आधी काय बोलली हे त्याला आठवत नव्हतं. रेकॉर्डिंग चालू होतं ना, मग लक्ष कशाला द्यायचं?

बाईला विचारलं तर ती म्हणाली, पोरं धवला म्हण म्हणून मागे लागली होती आणि मी नाही म्हटलं. पण आरोप जिच्यावर, तिचा शब्द कोण मानणार? तेव्हा दुसरं रेकॉर्डिंग हवं होतं. हजार मोबाईल वर होते, एकात तरी असेलच. दोन अंमलदारांना बसवून साठेक व्हिडिओ गोळा केले. सगळ्यांची एकच तऱ्हा. गाणं सुरू झालं की चालू, गाणं थांबलं की बंद. बाई बोलायला लागली की कुणालाच ती नको होती. काहींनी तर मोबाईल उलटा फिरवून स्वतःचाच नाच टिपला होता. मी ते बघता बघता टेबलावर हात आपटला, तशी चहा घेऊन आलेली महिला शिपाई दचकली.

त्याच महिला शिपायाने पुढे वाट काढली. बाजारात सुकट घ्यायला गेली असताना तिने सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीकडे सहज हा विषय काढला. म्हातारी आधी नुसती सुकट निवडत राहिली. वाळीत टाकलेल्यांची बाजू घेतली तर उद्या आपलीही पाळी, ही भीती होती. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “माझ्या फोनात सगला हाय. पन काला हाय.”

मी स्वतः गेलो. तिने कमरेची पिशवी सोडून फोन काढला. तब्बल सव्वा तासाचा व्हिडिओ, पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत काळाकुट्ट. फोनात वाळू जाऊ नये म्हणून तिने तो पदराखाली धरला होता. मग चित्रच नसलेलं रेकॉर्डिंग कशाला केलंत, मी विचारलं.

“आगरदांड्याला माजी भयीन हाय. तिला दिसत नाय. तिला ऐकवायला केला,” ती म्हणाली. “आंधलीला चित्र काय करायचा साहेब?”

त्या काळ्या पडद्यामागून आवाज मात्र स्वच्छ येत होता. पोरांचा गलका, ‘धवला, धवला’. मग बाईचा आवाज, हसून समजावणारा: “अरे बाबांनो, धवला म्हंजे देवाला आवतान. मांडव नाय, नवरी नाय, हलद नाय, आन देवीला बोलवून काय तुमचा नाच दाखवू? देवीला मी इथं बोलावनार नाय. तिला मानानं बोलवीन, मांडवात.”

जिने हजार माणसांपुढे देवीचा मान राखला, तिलाच देवीच्या अपमानाची शिक्षा! माझ्या तोंडून शिवी गेली ती म्हातारीने ऐकून न ऐकल्यासारखी केली.

फोनचा रीतसर पंचनामा केला, म्हातारीचा जबाब घेतला. बहिष्काराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि सगळ्या पंचांना ठाण्यात बोलावून ते रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं. ‘मांडवात’ या शब्दाला अध्यक्षांची मान खाली गेली. ते म्हणाले, “हे आम्हाला कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं.”

“तुम्ही आधी विचारायला हवं होतं,” मी म्हणालो. “तिचं घर तुमच्या देवळापासून तिसरं आहे. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात.”

मला त्या सर्वांना कोर्टात उभं करायचं होतं. बाईच आडवी आली. आत घातलेली माणसं माझ्या पोरीच्या मांडवात कशी येतील, हा तिचा सवाल. मग अध्यक्षांनी देवळासमोर उभं राहून माफी मागितली, आगरदांड्याचं वऱ्हाड ठरल्या दिवशी आलं आणि पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. नवरीच्या आईने आपल्याच पोरीचा धवला म्हणू नये अशी त्या घरची रीत, म्हणून तो सुकटवाल्या म्हातारीने म्हटला, तीही एके काळची धवलारीण. तिची आंधळी बहीण शेजारी बसून ऐकत होती. मांडवात मी मोजून दोनच माणसं नीट ऐकताना पाहिली, एक ती आणि दुसरी नवरीची आई. बाकीच्यांचे हात वर होते.

मी काय शिकलो? साक्षीदार डोळ्यांनी पाहतो आणि कानांनी ऐकतो, यावर आमच्या खात्याचा सगळा डोलारा उभा आहे. हजार साक्षीदार हजर असून एकालाही काही सांगता येऊ नये, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या हजारांत मीही होतो. माझी पाठ नियमाने वळलेली होती, पण कान तर उघडे होते. ही लाज मी अजून वागवतो.

अध्यक्षांच्या माफीचा व्हिडिओही त्या चाहत्याने टाकला होता. तो कुणी पाहिला नाही. गेल्या महिन्यात आम्हा निवृत्त पोलिसांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी तीच नऊ सेकंदांची क्लिप येऊन पडली. खाली लिहिलेलं, ‘काय दिवस आलेत’. पाठवणारा माझा तो जुना हवालदार, बंदोबस्तात माझ्या शेजारी उभा असलेला. मी लगेच फोन लावला. म्हटलं, अरे, आपण दोघं तिथे होतो. पंचांना ऐकवलं तेव्हाही तू खोलीत होतास. ती असं म्हणाली नव्हती.

तो अदबीने म्हणाला, “असेल साहेब. पण व्हिडिओ आहे ना.”