वैनगंगेत नेलेले बूट

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी सव्वासहा. हजर: माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर, आणि मी. पलीकडच्या काठाजवळ डोंग्यात एक जाळंवाला, त्याला धरलं तर तिघं. गैरहजर: माझा नवरा, जो रविवारी आठच्या आधी उठत नाही आणि ज्याला मासा फक्त ताटातला ओळखू येतो.

हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. आम्ही गळ टाकायला गेलो की नोंद मी करते: कोण होतं, पाणी किती होतं, कुठला गळ लावला, काय मिळालं. त्या रविवारच्या पानावर पुढे एवढंच आहे: 'मामाजी पडले. उजवा पाय.' कसे पडले ते लिहिलेलं नाही. ते मी अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि मी सांगत नाही म्हणून माझ्या सासऱ्यांची नदी सुटायची वेळ आली आहे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते तिरोडीच्या खाणीत टाइमकीपर होते. खाणीच्या जुन्या खड्ड्यांत पाणी साचायचं, तिथे ते गळ टाकायला शिकले. सासूबाई गेल्यावर एक ट्रंक आणि चार बांबूच्या काठ्या घेऊन ते बालाघाटला आमच्याकडे राहायला आले. त्यांना नदीवर सोडायला स्कूटीवरून कोणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी जायला लागले. मी एका सरकारी कार्यालयाचं भांडार सांभाळते, रिकामं बसणं मला जमत नाही. तिसऱ्या रविवारी मी एक काठी मागून घेतली. सहाव्या रविवारी माझी स्वतःची आली.

तिच्यावरून आमचं रोज वाजायचं. इथे गळाची खरी मासळी म्हणजे मरळ. ती काठाच्या गवतात, पाणवनस्पतींच्या खाली दबा धरून असते आणि लागली की सरळ गवतात शिरते. तिच्यासाठी माझं मत पक्कं आहे. काठी फायबरची, साडेसहा फूट, शेंड्याला कडक. दोरा विणलेला, नायलॉनचा नाही. नायलॉन ताणला जातो आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात मरळ गवतात गेलेली असते. चक्री हलकी हवी, कारण ती सकाळभर मनगटावर असते. गळाचे नकली मासे आणि बेडूक डबाभर घेण्यात अर्थ नाही, तीन पुरतात: एक काळा रबरी बेडूक, एक हिरवा, आणि एक चकाकणारा पत्रा. बेडकाचे दोन्ही आकडे त्याच्या पाठीला चिकटून असतात, म्हणून तो गवतावरून ओढला तरी अडकत नाही. आणि लांब तोंडाचा चिमटा छातीच्या खिशात ठेवावा, पिशवीत नाही. मरळीला दात असतात आणि पिशवीची चेन ओल्या हाताने उघडत नाही.

मामाजींना यातलं फक्त चिमट्याचं पटलं होतं. त्यांचा बांबू, त्यांचा नायलॉन आणि जिवंत गांडूळ. माझा रबरी बेडूक त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

"याच्या घरचे कुठी हायेत वं? एकटाच आलेला दिसते."

"हसा तुम्ही. मरळ खाते त्याला."

"मरळ खाईन का त्याच्यावर हासन, ते आधी पाहू."

त्या दिवशी मला दोन मरळी मिळाल्या, त्यांना एकही नाही. घरी येताना स्कूटीवर मागून म्हणाले, "त्या बेडकाले आज जेवाले वाढ बरं का."

काठ्यांबद्दल मी एवढं बोलते, पण नदीवर निम्मं काम पायांचं असतं. गमबूट नकोत, एकदा वरून पाणी शिरलं की प्रत्येक पाय एक बादली होतो. पट्ट्यांच्या सँडलमध्ये वाळू जाते आणि टाच सोलते. कॅनव्हासचे बूट बरे, पण दोन दिवस वाळत नाहीत. माझे काळ्या रबराचे आहेत, तळाला बोटभर खोल खाचा, शेतीच्या सामानाच्या दुकानातून आणलेले. दिसायला वाईट, पण ओल्या दगडावर पाय धरून ठेवतात. हे मला माहीत होतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही.

मामाजी नदीत अनवाणी जायचे. काठावरच्या कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडाखाली चपला काढायच्या, नदीकडे पाठ करून ठेवायच्या, आणि मग पाण्यात पाय. त्यांच्या वयाचे इथले बहुतेक लोक असंच करतात. वैनगंगेला माय म्हणतात आणि मायच्या अंगावर जोडे घालून कोणी चालत नाही. त्यांची बोटं दगडाला अशी धरायची की जणू हातच आहेत. चार वर्षांत मी त्यांना एकदाही घसरलेलं पाहिलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता त्यांच्या टाचेत बाटलीची काच गेली. त्यांना साखरेचा आजार आहे. जखम भरायला सहा आठवडे लागले आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे अनवाणी पाय जमिनीला लावायचा नाही, मऊ बूट वापरायचे. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्यासारखे रबराचे बूट त्यांना आधी घालून पाहिले. ते अंगठ्याला चावले. मग बाजारातल्या एका दुकानातून फोमच्या गुळगुळीत तळाचे, रुंद तोंडाचे, साखरेच्या माणसांसाठीच असतात तसे बूट आणले. दुकानदार म्हणाला, "मैडम, बहुत आरामदायक हैं. बस पानी में मत ले जाना."

मला वाटलं, बूट खराब होतात म्हणून सांगतोय. मी मनात म्हटलं, झाले खराब तर झाले.

आठ दिवस मामाजी ते घरात आणि गल्लीत घालून फिरले. शेजाऱ्यांना पाय उचलून दाखवले. "गादीवर चालल्यावानी वाटते," म्हणाले. मला फार बरं वाटलं. एक काम नीट पार पडलं की मला जसं वाटतं तसं.

त्या रविवारी कहूच्या झाडाखाली ते वाकून बुटांचे बंद सोडायला लागले.

"राहू द्या, मामाजी. घालूनच चला."

"पाण्यात?"

"पाण्यातच. त्यासाठीच तर आणले."

"बाई, सत्तर वर्सं झाले, मी नदीत जोडा नाई नेला. मायच्या अंगावर जोडे घालून जाऊ?"

"तिच्यात काचा टाकल्या लोकांनी, तेव्हा ती काही बोलली नाही. तुमच्या फोमनं तिला काय होणार?"

ते हसले. "तू वकील व्हाले पायजे होती."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. दाखवू का?"

"नोको दाखवू. तुह्या त्या वहीले मी डॉक्टरपेक्षा जास्त भेतो."

मग त्यांनी वाकून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि बुटांसकट पाण्यात पाय ठेवला. मी तेव्हा माझ्या दोऱ्याला गाठ मारत होते. तो कपाळाला लावलेला हात मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला आणि मी मनात म्हटलं, चला, ऐकलं.

चौथ्या पावलाला ते पडले. वीतभर पाण्याखाली सपाट दगड, त्यावर हिरवं शेवाळ. साबणावर ठेवावा तसा पाय गेला आणि सगळं वजन उजव्या अंगावर आलं. पडतानाही त्यांनी बांबू वर धरून ठेवला होता. मी माझी काठी टाकून धावले. चेहरा पांढरा पडला होता, तरी म्हणाले, "काठी वाचली, पाह्य."

जाळंवाल्याने डोंगा वल्हवत आणला. दोघांनी मिळून त्यांना काठावर घेतलं. त्याने आधी पायाकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"काकाजी तो हमेशा नंगे पाँव आते हैं. आज जूता काहे पहन लिए?"

हा प्रश्न मला होता, असं मला वाटलं. मी फोन लावत होते. उत्तर मामाजींनी दिलं, "नवे हैं ना."

घोट्याच्या वर हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात नवरा पोहोचला तेव्हा मी खाटेशेजारी उभी राहून भरतीचा फॉर्म भरत होते. तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याचा आवाज चढतो.

"बाबा, पाण्यात बूट घालून कोनी जाते का? इतली वर्सं अनवाणी गेले, अन् आताच काहून?"

"वाटलं मले. घालून पाहावं म्हटलं."

"अन् हिनं अडवलं नाई?"

"म्हनत होती थे. मी आयकतो का कोनाचं?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. फॉर्मवर 'दुर्घटना कैसे हुई' असा रकाना होता. मी लिहिलं, पैर फिसलने से. खोटं नव्हतं. त्या वेळी माझ्या तोंडातून चार शब्द निघायला हवे होते, नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी त्याला म्हटलं, "बाबांचं आधार कार्ड आणलंस का?"

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते त्या चार शब्दांच्या जागी सुरू झालं. नवऱ्याने ठरवून टाकलं की बाबांना आता समज राहिली नाही. तो वाईट माणूस नाही. रोज ऑफिसातून आला की आधी त्यांच्या खोलीत जातो, डाव्या पायाला तेल लावून देतो. पण न्हाणीघराची आतली कडी त्याने काढून टाकली. गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. मामाजींना भेटायला कोणी आलं की त्यांच्यासमोरच सांगतो, "वयाचं आहे. बूट घालून नदीत उतरले. उद्या गॅस चालू ठेवतील." पाहुणे मान हलवतात. मामाजीही हलवतात. मी चहा आणते.

पुरावा म्हणून त्याच्याकडे ही एकच गोष्ट आहे, आणि ती त्यांची नाही, माझी आहे.

एकदा दुपारी, घरात आम्ही दोघंच असताना, मी त्यांना म्हटलं, "मामाजी, मी सांगते त्यांना."

"काय सांगतं?"

"बूट मी घालायला लावले ते."

"राहू दे. घरात एकाले तरी अक्कल हाय, असं वाटू दे त्याले. दोघंही गेलो त कसं होईन त्याचं?"

मी हसले नाही, म्हणून तेही थांबले.

"तुमचं नदीवर जाणं बंद करतील ते. काठ्या ऑफिसातल्या कोणाला देऊन टाकायचं म्हणतात."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी दिसते, बाकी काही दिसत नाही. तिच्याकडे बघत म्हणाले, "पाणी उतरलं असन नाई आता? खालचे खडक उघडे पडले असतीन."

"असतील."

"मरळ आता खोल पाण्यात गेली असन," म्हणाले, आणि झोपतो म्हणून डोळे मिटले. झोपले नव्हते.

मी का सांगत नाही, याची कारणं मी एकदा लिहून काढली. नवरा चिडेल, हे पहिलं. ते लगेच खोडलं, त्याची चीड दोन दिवसांवर टिकत नाही. मामाजींनीच नको म्हटलं, हे दुसरं. तेही खोडलं, त्यांनी नको म्हणणं मला सोयीचं होतं म्हणून मी ते इतक्या पटकन मानलं, एरवी मी त्यांचं कुठे ऐकते? उरलं ते असं: या घरात काहीही ठरवायचं असलं की ते माझ्याकडे येतं. औषधं, पाहुणे, रामपायलीच्या शेताचं काम, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीची फी भरायची तारीख. हिचं चुकत नाही, असं सगळे धरून चालतात आणि मला ते आवडतं. ते जपायला मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बिनडोक ठरू दिलं. हे शेवटचं कारण मला खोडता आलं नाही.

प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. मामाजी काठी टेकत फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. काल त्यांनी फाटकाबाहेर चार पावलं टाकली, तर नवऱ्याने आतून हाक मारली. ते वळून आले, लहान मुलासारखे नाही, नोकरीतला माणूस साहेबाने बोलावल्यावर येतो तसे.

नवऱ्याच्या ऑफिसातला माणूस आज चार वाजता काठ्या न्यायला येणार आहे.

सकाळी मामाजींची साखर तपासली, पायाचे व्यायाम करून घेतले, फिजिओथेरपीची पुढची वेळ घेतली. मग मी अंगणात गेले. नवरा गाडी पुसत होता. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याने फडकं पिळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय वं, काही म्हनत होती?"

"बाबांच्या बुटांचं..." मी म्हटलं.

"फेकून दे थे. मले दिसले की डोकं फिरते. त्यायले काही कळत नाई आता, आपल्यालेच पाहा लागते."

"हौ," मी म्हटलं. "नाश्त्याला काय करू?"

"पोहे कर."

पोहे केले. तिघांनी खाल्ले. मामाजींनी वरून शेव मागून घेतली. आता अकरा वाजले आहेत आणि त्याला सांगायचं राहिलं आहे.