आक्कांचा तीन दिवसांचा पाहुणा

आक्कांना स्वतःचा ताप आदल्या दिवशीच कळायचा. शहाद्यात बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं ब्लाउज-परकर शिवण्याचं दुकान होतं. मी समोरच्या खोलीत भाड्याने राहून एका दैनिकाला बातम्या पाठवत होते. एखाद्या सकाळी मशीनचा वेग वाढायचा. मी मान वर केली की त्या म्हणायच्या, “ताई, उद्या पाव्हना ई ऱ्हायना.” दुसऱ्या दिवशी पाहुणा यायचाच: थंडी वाजून ताप भरायचा, पोटात कळा यायच्या. चौथ्या दिवशी आक्का दारात भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

हा पाहुणा लग्नाआधीपासूनचा. महिन्याला एकदा, कधी दोनदा. त्या तारखांवर आक्का कॅलेंडरवर निळ्या खडूने फुली मारत. कापडावर खूण करायचा तोच खडू. लग्नाचे कपडे टाकायला आलेल्या बायका आधी कॅलेंडर बघत. एक म्हणाली, “आक्का, त्याले सांगा ना, लगीन झावावर ये.”

“सांगं मी. तो म्हनस, माले आवतन लागत नही.”

मलेरियाच्या, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या होत्या. विशीत अपेंडिक्सही काढलं होतं. त्याबद्दल आक्का अजिबात न रागावता सांगत, “मन्हं पोट फाडं त्यास्नी. काही निंघनं नही.”

रूपाली ही त्यांची भाची, आई गेल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला ताप आला आणि पोट दुखू लागलं, उजवीकडे. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाले, अपेंडिक्स दिसतंय, आजच ऑपरेशन करू. आक्का घरी गेल्या आणि कॅलेंडर काखेत मारून परत आल्या.

“डाक्टर, हाऊ मन्हाच ताप शे. तीन दिनमा जास.”

“मावशी, आणि फुटलं तर?”

“तुमी आठे दवाखानामाच शेत ना. ध्यान ठेवा. पन फाडू नका.”

सर्जनने सोनोग्राफी पुन्हा पाहिली. ती स्पष्ट नव्हती. दर काही तासांनी तपासू, दुखणं वाढलं तर थांबणार नाही, या अटीवर ते तयार झाले. आक्का बाकावर बसून साडीला फॉल लावत राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी रूपालीचा ताप उतरला, तिने चहा मागितला. साडी घडी करताना मी पाहिलं, पूर्ण फॉल उलट्या बाजूने लागला होता. आक्कांच्या भीतीची नोंद तेवढीच.

कॅलेंडरमध्ये खरा रस घेतला तिथल्या तरुण फिजिशियनने. त्यांनी दोघींचं रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्टमध्ये एका जनुकाचं नाव होतं, एमईएफव्ही. हे जनुक पायरिन नावाचं प्रथिन बनवतं. शरीरात दाह कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा, यावर त्या प्रथिनाचा ताबा असतो. दोघींच्या जनुकात अगदी सारखाच बदल होता. जंतू नसतानाही दाह पेटत होता आणि आपोआप विझत होता. उपाय एक छोटी गोळी, रोज, कायमची.

आक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “मंग मन्हं आपेंडिक्स वापस भेटी का?”

डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितलं की इतक्या वर्षांच्या दाहाने आक्कांच्या किडन्यांना इजा झाली आहे. रूपालीला गोळी वेळेवर मिळाली. आक्का म्हणाल्या, “हिले भेटनी ना. बस.”

आक्का त्यानंतर तीन वर्षं जगल्या, एकाही तापाशिवाय. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रूपालीच्या लग्नाच्या महिन्यात. माझी धुळ्याला बदली झाली होती आणि मी निरोप घ्यायला गेले होते. आक्का रूपालीच्या परकराचं माप घेत होत्या. कमरेभोवती टेप फिरवताना त्यांचा हात तिच्या उजव्या कुशीवर थांबला. तिथे कापल्याची खूण नव्हती. तळहात त्यांनी थोडा वेळ तसाच ठेवला.

“मावशी, गुदगुल्या होतात,” रूपाली म्हणाली.

“हालू नको,” आक्का म्हणाल्या, आणि आकडा मला लिहून घ्यायला सांगितला. अठ्ठावीस.