जाते म्हणाली, म्हणून हॅम्बर्गला गेलो

लोक हॅम्बर्गला बंदर बघायला जातात. मी एका टिकमुळे गेलो. ज्यांना नुसती गाड्यांची आणि खाण्याची माहिती हवी आहे त्यांनी सुरुवात सोडून पुढे जायला हरकत नाही, पण मग मी दिवसभर रेल्वेत दातओठ का खात होतो ते कळणार नाही.

यशोधरा नागपूरची. मी साताऱ्याहून डार्मश्टाटला इंजिनिअरिंग शिकायला आलो तेव्हा ती तिथेच मास्टर्स करत होती. पुढे मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि इलेक्ट्रिशियनची आउसबिल्डुंग धरली, म्हणजे थोडे दिवस शाळा आणि बाकीचे दिवस मालकाबरोबर लोकांच्या भिंतींत वायरी ओढणं. तिने मास्टर्स पूर्ण केलं आणि हॅम्बर्गला एका संशोधन संस्थेत लागली. ती निघण्याआधी मला जे विचारायचं होतं ते मी विचारून टाकलं. ती म्हणाली, "सांगते."

त्यानंतर हिरव्या अ‍ॅपवर तिने मला सगळं सांगितलं. घरमालकीण कशी आहे, बोटीत किती वारा लागतो, शेजाऱ्याचं मांजर काय खातं. ते एक सोडून. आणि एका रविवारी मेसेज आला, "चल, जाते मी."

मी लिहिलं, "कुठे?" एक टिक. सोमवारी एक टिक. तिचा फोटो गेला, तिथे राखाडी गोळा आला. मी आणखी बरंच काही लिहिलं. ते इथे छापण्यासारखं नाही. सगळ्यावर एक टिक.

मी डार्मश्टाटला राहतो चुलतभावाकडे. दादा औषधांच्या कंपनीत आहे, त्याला यातलं काही सांगायची सोय नाही. वहिनींना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या.

"अरे, मग फोन कर की तिला."

"वहिनी, जिने ब्लॉक केलंय तिला फोन कोण करतं?"

माझी दहा वर्षांची पुतणी रिया डायनिंग टेबलावरून म्हणाली, "रूफ झी दोख आन!" म्हणजे तेच, फोन कर. ही पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते आणि नेहमी आईच्याच बाजूने. माझं डोकं फिरलं. शुक्रवारची सुट्टी टाकली, पाठीवर सॅक मारली आणि दारात बूट घालताना म्हणालो, "जातो मी."

"जातो काय? येतो म्हणावं रे."

"बघा! तुम्हालाही खटकलं ना? मग मला किती खटकलं असेल!"

वहिनींनी पोळीभाजीचा डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं.

आता कामाचं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर डार्मश्टाट ते हॅम्बर्ग वेगळा एक पैसा लागत नाही. अट एवढीच की झपकन जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडायच्या आणि साध्या रीजनल गाड्यांनी जायचं. फ्रांकफुर्ट, कासेल, ग्यॉटिंगेन, यूल्त्सेन आणि मग हॅम्बर्ग. पूर्ण दिवस जातो. तिकीट फोनमध्ये असतं, म्हणून बॅटरी संपू देऊ नका, सगळ्या डब्यांत चार्जिंग नसतं, आणि तिकिटाबरोबर ओळखपत्रही मागतात. गाडी बदलायला मिळणारा वेळ कागदावर भरपूर दिसतो. कासेलपर्यंत तो तसाच राहतो, पुढे देवाची इच्छा. स्टेशनवरच्या बेकरीसाठी सुट्टी नाणी जवळ ठेवा. माझ्या बेकरीत कार्ड चालत नव्हतं. ज्या देशात तिकीट फोनमध्ये आहे त्या देशात पाव रोखीने. याची सवय होते.

कासेलच्या पुढे डोंगर आणि जंगल सुरू होतं, बाहेर पिवळीधमक शेतं. मी ब्लॉगसाठी खिडकीतून व्हिडिओ काढायला लागलो. समोर एक साठीच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर केकचा डबा.

"मी त्यात आहे का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"मी बाहेरचं काढतोय," मी म्हणालो.

"काच आहे ती. मी काचेत दिसतेय."

आधीच माझं डोकं तापलेलं. म्हणालो, "तुम्हाला कोण ओळखणार आहे साताऱ्यात?"

"हे साताऱ्यातल्या लोकांनी ठरवायचं नाही, मी ठरवायचं."

व्हिडिओ लावून बघितला तर खरंच, शेतांच्या मधोमध बाई आणि केकचा डबा. पुसून टाकला. त्यांनी नीट बघून खात्री केली आणि मग डबा उघडून आलुबुखाराच्या केकचा तुकडा माझ्यापुढे धरला, जणू काही झालंच नाही. मीही डब्यातली पोळीभाजी दिली. बटाट्याची भाजी त्यांना तिखट लागली, पण संपवली.

पुढे गप्पा निघाल्या. त्यांच्या मुलाने घरातल्या सगळ्यांना अमेरिकन अ‍ॅपवरून उठवून युरोपातल्या अ‍ॅपवर नेलं होतं. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला?

"आल्झो," बाई म्हणाल्या, "आधी आम्ही गॅस एकाकडून घेतला. आता गप्पा दुसऱ्याकडून घेतो. एक रुसला तर घर गार, दुसरा रुसला तर घर मुकं. नळ आपल्या हातात नको?"

मी वायरी ओढणारा माणूस. मला हे लगेच पटलं. घर तुमचं आणि मेन स्विच शेजाऱ्याच्या घरात, असं काम आमचा मालक कधीच करू देणार नाही. पटलं, आणि मी परत खिडकीबाहेर बघत यशोवर चिडायला लागलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळ्या जगाचं राजकारण कळतं, स्वतःच्या फोनमधलं कळत नाही.

यूल्त्सेनला उतरलात तर स्टेशन बघून घ्या. रंगीत गोल खांब, वाकडीतिकडी फरशी, एखाद्या लहान मुलाला हाताशी धरून बांधल्यासारखं. माझ्याकडे कनेक्शन चुकल्यामुळे भरपूर वेळ होता.

हॅम्बर्गला संध्याकाळी पोचलो तेव्हा पाऊस होता. इथल्या पावसाला कोणी पाऊस म्हणत नाही, लोक छत्री न उघडता चालत असतात. मुख्य स्टेशनजवळ होस्टेलमध्ये सहाजणांच्या खोलीत खाट मिळाली. चादर वेगळी भाड्याने घ्यावी लागते, आपली घेऊन जा.

शनिवारी सकाळी एसबानने, म्हणजे इथल्या लोकलने, आल्टोनाला गेलो. तिचा पत्ता माझ्याकडे होता, राख्यांच्या वेळी तिने मागवलेलं काजळ वहिनींनी त्याच पत्त्यावर पाठवलं होतं. जर्मनीतली गंमत बघा. व्हिडिओत चेहरा आला तर भांडतील, पण दारावरच्या बेलपाशी प्रत्येकाचं आडनाव स्वच्छ लिहिलेलं. यशोचंही होतं. बेल दाबली. तिची घरसोबतीण बोलली. यशो घरी नाही.

"कुठे गेलीय?"

"ते मी सांगू शकत नाही. डाटेनशुट्झ." म्हणजे दुसऱ्याची खासगी माहिती द्यायची नाही.

"बरं, मग नवीन नंबर असेल तर तो द्या."

"तोही नाही. तू कोण हे मला माहीत नाही."

मी म्हणालो, मी साडेपाचशे किलोमीटर पावसातून आलोय. मग ती म्हणाली, "ती कुठे आहे ते मी सांगणार नाही. पण कोपऱ्यावरच्या वाचनालयात आज एक कार्यक्रम आहे. त्याचे पोस्टर सगळीकडे लागलेत. पोस्टर वाचायला बंदी नाही."

पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आपला फोन परक्या कंपन्यांच्या हातून सोडवायला मदत करू, फुकट, फक्त चार्जर घेऊन या. शेजारच्या खांबावर निवडणुकीचे जुने पोस्टर पावसात लोंबत होते. त्यांच्यापेक्षा याला जास्त लोक थांबून वाचत होते.

आत वाचनालयात चार टेबलं मांडलेली, प्रत्येकामागे एक स्वयंसेवक, समोर खुर्ची. तिसऱ्या टेबलामागे यशो. केस कापलेले. समोर बसलेल्या आजोबांना ती शांतपणे सांगत होती की नातवाचे फोटो जात नाहीत, ते राहतात, घाबरू नका. मी रांगेत उभा राहिलो. आजोबा उठले. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि चेहऱ्यावरची एक रेष न हलवता जर्मनमध्ये म्हणाली, "पुढचे. मी आपल्याला काय मदत करू?"

"यशो, मराठीत बोल."

"बसा. फोन दाखवा." आता मराठी, पण अहो-जाहो. मला असं वाटलं की कोणीतरी मेन स्विच पाडला.

"मला ब्लॉक का केलंस?"

"कोणी ब्लॉक केलं?"

"एक टिक येतेय इतके दिवस! फोटो नाही! 'जाते मी' म्हणालीस आणि गेलीस!"

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला बघायला लागला. यशोने माझा फोन ओढून घेतला आणि आमचं बोलणं वर सरकवायला लागली. मी म्हणालो, खाली नको जाऊस. खाली माझे छापता न येणारे मेसेज होते. ती वरच थांबली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

'जाते मी'च्या आदल्या आठवड्यातला तिचा मेसेज. लांबलचक, वर जर्मन, खाली मराठी. तिने सगळ्यांना पाठवला होता. हे अ‍ॅप सोडतेय, अमुक कारणं, मला यापुढे इथे शोधा, आणि एक लिंक. त्याच्या खाली माझं उत्तर. अंगठा.

"वाचलं नव्हतंस ना?"

"मला वाटलं फॉरवर्ड आहे. राजकारणाचा."

"राजकारणाचाच होता. पण तुझ्यासाठी खाली एक ओळ जास्त होती. ती दुसऱ्या कोणाला नव्हती."

मी वाचली. 'तुला जे सांगायचंय ते या कंपनीला आधी कळायला नको. तिकडे ये, सांगते.'

"अंगठा दिलास," यशो म्हणाली. "मी तिकडे बसून राहिले. रोज बघायची, आला का. नागपूरहून आई त्या अ‍ॅपवर आली, तिला मीच फोनवरून शिकवलं, साठ वर्षांची बाई आली. तू नाही आलास. मला वाटलं, साताऱ्याच्या साहेबांचं मन बदललं. अंगठ्यावर उरकलं."

"मग फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

रिया बरोबर होती. हे घरी सांगायचं नाही असं मी तिथेच ठरवलं.

"पण 'जाते' का म्हणालीस?" मी म्हणालो. "येते म्हणायचं होतंस."

"काहून? परत थोडीच यायचं होतं त्या अ‍ॅपवर? मला खोटं बोलता येत नाही. अ‍ॅपला 'जाते' म्हटलं. तुला नव्हतं म्हटलं बे."

तिचं नागपुरी 'बे' ऐकल्यावर जिवात जीव आला. तिने नवीन अ‍ॅप फोनमध्ये घातलं. एकदाच पैसे द्यायचे, कॉफीपेक्षा थोडे जास्त. मग म्हणाली, "आता उठ. मागे आजी उभ्या आहेत. दुपारी लांडुंग्सब्र्युकेनला ये, धक्क्यावर."

धक्क्यावर फिशब्रोटखेन खाल्लं. पावात खारवलेला मासा आणि कांदा, सहा-सात युरोला, सीगल पक्ष्यांपासून सांभाळून खा, हातातून नेतात. तिथून बासष्ट नंबरची फेरीबोट पकडा. पर्यटकांच्या बोटीवाले गळ्यात पडतात, त्यांना हसून नाही म्हणा, ही फेरी आपल्याच तिकिटावर चालते आणि तेच बंदर दाखवते. वरच्या डेकवर वारा असा की बोलायला ओरडावं लागतं. आम्ही ओरडून भांडलो. मी म्हणालो, माझी आई, मावश्या, सातवीपासूनचे मित्र त्या हिरव्या अ‍ॅपवर आहेत, तुझ्या युरोपसाठी मी त्यांना कसं सोडू? ती म्हणाली, मी सोड म्हटलंच नाही. दोन्हीकडे राहा, पण एक तरी दार असं ठेव ज्याची किल्ली आपल्याकडे आहे. मी म्हणालो, इथल्या सरकारांनाही मेसेज तपासायची हौस येतेच की मधूनमधून. ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणून तर शनिवारी टेबल मांडून बसते, इथल्या सरकारशी निदान मला माझ्या भाषेत नाही तरी त्यांच्या भाषेत भांडता येतं. मोठमोठ्या कंटेनर जहाजांच्या कडेने आमची फेरी चालली होती, आणि तिने माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला होता. थंडी होती म्हणून असेल.

तिने सांगायचं ते अजून सांगितलं नव्हतं, आणि मी ओरडून विचारणार नव्हतो.

रविवारी सकाळी ती स्टेशनवर आली. गाडी लागलेली होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "यशो, उत्तर?"

"बस आधी, दार लागेल. ये."

"ते ठीक आहे, पण उत्तर?"

"सातारकर, मी काय म्हणाले?"

"ये म्हणालीस."

"जा म्हणाले?"

"नाही."

"मग? नागपूरची मुलगी उगाच शब्द नाही वापरत."

दार लागलं. काचेत मी दिसत होतो आणि काचेपलीकडे ती. मी व्हिडिओ काढला नाही.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचं जेवण उरकत आलं होतं. प्रवासाचा हिशेब म्हणाल तर तिकीट, खाट, चादर, मासे, फार काही नाही. आईचा आवाज अजून हिरव्या अ‍ॅपवर येतो आणि येत राहील, तिला तिथून हलवायची माझ्यात धमक नाही. ते एका टिकचे मेसेज मी एकेक करून पुसले. ते कुठेच पोचले नाहीत, हे त्या कंपनीचे माझ्यावरचे एकमेव उपकार. नव्या अ‍ॅपमध्ये एकच नाव आहे. तिथे एकच मेसेज होता, "पोचलास?"

वहिनींनी विचारलं, "काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. रिया म्हणाली, "हाब इख दोख गेझाख्ट." मी सांगितलंच होतं. दादाने मान वर करून विचारलं, कोण म्हणालं, कुठे ये, आणि वहिनींनी त्याच्याही ताटात एक पोळी टाकली.