काहीच नसलेला माणूस

ओमेर गिझेलेनला आयुष्यभर एकाच गोष्टीचा वैताग होता. लोक त्याला रिकामा राहू देत नव्हते.

गेंट शहरात उभं आयुष्य ट्राम चालवण्यात घालवलेला हा माणूस. लहानपणी गावच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या मागे घंटी वाजवत चालायचा, तेही आई दटावून पाठवायची म्हणून. पुढे शहरात नोकरी लागली, रविवारची पाळी आली आणि प्रार्थना चुकली. पुढच्या रविवारी पाळी नव्हती, तरी चुकलीच. कुणावर रुसून नाही, जाडी पुस्तकं वाचून नाही की घरात कुणी अकाली गेलं म्हणूनही नाही. आपलं काही हरवलंय का, म्हणून त्याने मन चाचपून पाहिलं, तर तिथे मुळात काही नव्हतंच. चला, विषय संपला, असं त्याला वाटलं. इथेच बिचारा फसला.

कारण आमच्या देशात काही न मानणं हासुद्धा एक पंथच आहे, चांगला सरकारी मान्यतेचा. शाळेत धर्माचा तास नको असेल तर मुलाला नीतीच्या तासाला बसवा. ओमेरने मुलीला, कातलेनला, तिथे बसवलं. वर्गातल्या बाकीच्या मुली पांढरे झगे घालून पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घ्यायला, निघाल्या, तशी नीतीवाल्यांनीही आपल्या मुलांची हौस भागवायला वसंताचा सोहळा काढला. नवे कपडे, व्यासपीठ, भाषणं, गाणी, भेटवस्तू, सगळं साग्रसंगीत. ओमेर मागच्या रांगेत धुमसत बसला होता.

"एका मिरवणुकीतून कसाबसा बाहेर पडलो, तर यांनी दुसरीत ढकललं," तो बायकोला म्हणाला.

"केक चांगलाय. तो तरी खा," रोझा म्हणाली.

रोझा दर रविवारी न चुकता चर्चला जायची, पण नवऱ्याला कधी तिने ओढलं नाही. दर मे महिन्यात ती ओस्टाकरला मरियामातेच्या गुहेपाशी जाऊन मेणबत्ती लावायची, आणि हा समोरच्या कॅफेत बिअर पीत तिची वाट बघायचा. दोघांचं छान चाललं होतं.

छान चाललेलं बघवायचं नाही ते रोझाच्या थोरल्या बहिणीला, मरिएतला. रविवारी जेवायला आली की सूप संपायच्या आत ती सुरू व्हायची.

"देव नाही हे तुला कसं रे कळलं? वर जाऊन बघून आलास? नाही ना? मग तीही श्रद्धाच झाली की!"

"अगं बाई, नाही असं तरी मी कुठे म्हणतोय? मी काहीच म्हणत नाहीये! मी कबुतरं पाळत नाही. मग कबुतरं न पाळणं हा माझा छंद झाला का?"

"कबुतरं न पाळणारा माणूस शेजाऱ्याची कबुतरं बघून एवढा लालबुंद होत नाही, मेहुणेबुवा."

यावर ओमेर बटाटे वाढून घ्यायचा.

या वसंतात रोझा आजारी पडली. पोटातलं दुखणं, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. इस्पितळात नर्सने विचारलं, पाद्रीबाबांना पाठवू की सल्लागारबाईंना? पाद्रीबाबा रोझासाठी आले. सल्लागारबाई न मानणाऱ्यांसाठी असतात, त्या ओमेरसाठी आल्या. पण बाई कसल्या! कोवळी पोर, कोटावर न मानणाऱ्यांच्या पंथाचा मशालीचा बिल्ला.

"मी तुमच्याच विचारांची आहे," ती मऊ आवाजात म्हणाली.

"माझे कसले विचार?" ओमेर भडकला. "माझ्याकडे काही नाहीये! आणि त्या काही नसण्याचा तुम्हाला पगार मिळतो?"

पलंगावर रोझा खोकला येईपर्यंत हसली. "बस गं पोरी. मनावर घेऊ नकोस, तो असाच आहे."

मे संपत आला तसा रोझाचा आवाज खोल गेला. एका दुपारी ती म्हणाली, "यंदा माझं ओस्टाकर राहिलं. तू जाऊन माझ्या नावाने मेणबत्ती लावून ये."

"मरिएतला सांग ना."

"तिने तिची लावली. मला तुझ्या हातची हवीय. प्रार्थना करू नकोस, नुसती लाव."

"मला नाही जमायचं ते, रोझा."

"का रे? तुझ्यात काही नाही म्हणतोस ना? मग अडतंय कुठे? मेण आणि वात, बाकी काय असतं त्यात?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. ओमेर कोट चढवून निघाला.

गुहेसमोर मेणबत्त्यांच्या रांगा जळत होत्या. त्याने एक विकत घेतली आणि तो मेणबत्त्या खोचायच्या लोखंडी घोडीसमोर जाऊन उभा राहिला. हात पुढे जाईना. मूर्खा, लाव की, तो स्वतःवरच खेकसला. बाजूला एक म्हातारी आपली मेणबत्ती पेटवायला धडपडत होती.

"अहो, एवढी लावून देता का?"

त्याने चटकन लावून दिली. वारा होता, म्हणून ज्योत धरेपर्यंत ओंजळीचा आडोसा करून उभा राहिला. मग आपल्या मेणबत्तीकडे वळला, तर पुन्हा तेच. त्याला नुसता संताप आला. शेवटी ती तशीच खिशात कोंबून तो परत आला.

"लावलीस?" रोझाने विचारलं.

"हो," ओमेर म्हणाला.

तिने डोळे मिटले. चेहरा असा सैलावला, की त्याला तिथे बसवेना.

आठवडाभरात ती गेली. अंत्यविधी चर्चमध्ये झाला, तिचीच तशी इच्छा होती. ओमेर पहिल्या रांगेत बसला होता. पाद्रीबाबा सगळ्यांसमोर म्हणाले, शेवटी शेवटी रोझाने मला मोठ्या आनंदाने एक गोष्ट सांगितली. जो नवरा इतक्या वर्षांत प्रार्थनेला चर्चची पायरी चढला नाही, तो तिच्यासाठी ओस्टाकरला गेला आणि मेणबत्ती लावून आला. मागे कुणीतरी नाक पुसलं.

नंतर कॉफी आणि हॅमचे पाव घेताना जो तो येऊन त्याच्या खांद्यावर थोपटू लागला. म्हणजे आत काहीतरी होतंच की, ओमेर! आम्हाला ठाऊक होतं! लावली नाही मी, कळतंय का, असं ओरडून टेबल उलथावं, असं त्याला झालं. पण ओरडला असता तर मरताना बायकोला फसवलं, हे साऱ्या नातेवाइकांना कळलं असतं. तो पाव चावत राहिला.

मरिएत शेजारी येऊन बसली. आज तिने टोमणा मारला नाही, रडून तिचे डोळे सुजले होते.

"लावताना काय वाटलं रे तुला?"

"वारा होता," ओमेर म्हणाला. "विझू नये म्हणून ओंजळ धरून उभा होतो."

तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याने धरू दिला. ओळख ना पाळख अशा बाईची त्याने लावली होती, आणि बायकोची नाही. तिथे त्याला कुणी बघत नव्हतं. वरून कुणी बघतं, असं तर तो कधीच मानत नव्हता. मग आपण तिथे एवढे ताठ उभे राहिलो ते कुणासमोर, हे त्याला काही केल्या कळेना, आणि ज्या एकीला विचारता आलं असतं तिला तो नुकताच पुरून आला होता.