एकाच पाटावरची काडतुसं

दसऱ्याला कुठे शस्त्रपूजा मांडलेली दिसली की कोटरा सुल्तानाबादची ती घटना मला आजही आठवते. तेव्हा मी भोपाळच्या त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. रावणदहनाचा बंदोबस्त आटोपून टोपी काढतो न काढतो, तोच रुग्णालयात नेमलेल्या हवालदाराचा फोन आला.

"सर, एक आदमी आया है, हाथ फटा हुआ है. घरवाले कहते हैं सुतली बम फूटा. पर डॉक्टर ने हथेली से लोहे का टुकड़ा निकाला है. सुतली बम में लोहा कहाँ से आया?"

घर मराठी होतं. वडील वारलेले, आई आणि दोन मुलगे. थोरल्याकडे वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर, धाकट्याकडे नवं पिस्तूल, दोन्ही परवान्याची. पूजेनंतर गच्चीवरून एक बार काढायचा, ही घरची रीत. हवेत गोळी झाडणं गुन्हा आहे हे ठाऊक असूनही शहाणीसुरती माणसं हा मूर्खपणा करतात. या वेळी रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं आणि थोरल्याची दोन बोटं गेली.

सुतळी बॉम्बची थाप पचत नाही म्हटल्यावर त्याने सूर बदलला. "काडतुसं धाकट्यानेच हातात दिली, साहेब. वरचा मजला कोणाचा यावरून आमचं वाजलंय. त्याने त्यात काहीतरी केलंय." त्याच्या बायकोने तशी लेखी तक्रार दिली. मामला सरळ खुनाच्या प्रयत्नाचा झाला. धाकट्याला मी ठाण्यात बोलावून घेतलं.

"काडतुसं कोणी दिली?"

"मी."

"त्यात काही केलंस?"

"नाही."

"मग कोणी केलं?"

यावर गडी गप्प. दम देऊन पाहिला, चहा पाजून पाहिला, तोंड उघडेना. माझा अनुभव असा, की स्वतःला वाचवणारा भरपूर बोलतो. दुसऱ्याला वाचवणारा गप्प बसतो.

बॅलिस्टिक तज्ज्ञाच्या अहवालाने कोडं अर्धं सुटलं. काडतुसात कोणीही छेडछाड केलेली नव्हती, फक्त ते पिस्तुलाचं होतं. बोलताना लोक दोन्ही हत्यारांना 'बत्तीस बोर'च म्हणतात. पिस्तुलाचं काडतूस त्या रिव्हॉल्व्हरच्या खणात बसतंही. पण त्याचा दाब जास्त असतो, आणि जुनं झिजलेलं लोखंड तो सोसत नाही. जप्त केलेली बाकीची काडतुसं मी टेबलावर ओतली. दोन्ही जातींची होती आणि सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं होतं.

"पूजेनंतर पाट कोण आवरतं?" मी विचारलं.

धाकट्याचे डोळे भरून आले. "आई. तिला हल्ली नीट दिसत नाही. सगळी काडतुसं एका वाटीत भरून तिने माझ्याकडे दिली, मी न बघता दादाला. मला आत टाका, साहेब, पण तिला काही विचारू नका. पोराची बोटं आपल्यामुळे गेली हे कळलं तर ती जगायची नाही."

मी तडक रुग्णालय गाठलं आणि थोरल्याला सगळं सांगितलं. त्याने बँडेज नसलेल्या हाताने मला कागद काढायची खूण केली. मग म्हणाला, "लिहा साहेब. गोळ्या मी भरल्या, बघितल्या नाहीत, बार मीच काढला. तक्रार खोटी आहे. आणि आईला यातलं काही कळू देऊ नका."

गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, परवाना गेला. धाकटा सुटला. कायद्यानेही तेच बरोबर होतं. काडतूस कोणाच्याही हातून येवो, बुडाचा शिक्का वाचून ते आपल्याच हत्याराचं आहे याची खात्री करायची जबाबदारी भरणाऱ्याची. नंतर नव्या शिपायांना मी हेच सांगत आलो. मात्र संशयही असाच न बघता भरला जातो आणि घरच्याच माणसावर सुटतो, हे मला त्या घराने शिकवलं.

जबाब पुरे करायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा म्हातारीने मला थांबवलं. "साहेब, माझ्या पूजेत काही चुकलं का हो?"

मागे धाकटा उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

"पूजेत काही चुकलं नाही, आई."

"मग पुढच्या वर्षीही दोघांचं एकाच पाटावर मांडीन," ती म्हणाली. "वेगळं मांडलं तर लोक म्हणतील, पोरं वेगळी झाली."

दोन्ही हत्यारं तेव्हा ठाण्यात, जप्त मुद्देमालाच्या मालखान्यात होती.

"मांडा, आई," मी म्हणालो.